वैशाखातील विहार आणि श्रावकांची जबाबदारी

चातुर्मासाचे चार महिने संपले की पूज्य साधु-साध्वीजींचा विहार सुरू होतो आणि पुढील आठ महिने त्यांची पावले रस्त्यावर असतात. थंडीच्या दिवसांत हा विहार तुलनेने सुखावह असतो. चैत्र-वैशाखात मात्र विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात सकाळी नऊनंतर उघड्यावर चालणे कठीण होते. त्यातच या महिन्यांत महावीर जयंती, आयंबील ओळी, अक्षय तृतीयेची पारणी, दीक्षामहोत्सव आणि प्रतिष्ठा यांची रेलचेल असते. ठरलेल्या तिथीला ठरलेल्या गावी पोहोचावयाचे असते आणि विहाराची घाई होते.

विहारात साधु-साध्वीजींना वाहनाची धडक बसल्याच्या दु:खद वार्ता अधूनमधून आपल्या कानी येतात. श्रद्धांजलीच्या सभा होतात, निवेदने दिली जातात, वाहनचालकांच्या बेफिकिरीबद्दल संताप व्यक्त होतो. हा संताप स्वाभाविक आहे. तथापि त्यातून पुढच्या विहाराची वाट सुरक्षित होत नाही. ऊन आणि रस्ता हे दोन वेगळे धोके आहेत असे आपण समजतो. उन्हाळ्यातील विहारात हे दोन्ही धोके एकमेकांत गुंतलेले आहेत. उन्हापासून वाचण्यासाठी पहाटेच्या अंधारात निघावे लागते आणि अंधारात निघाल्याने वाहनांचा धोका वाढतो. ही गाठ सोडविण्याचे काम मुक्काम ठरविणाऱ्या श्रीसंघाचे, म्हणजेच आपले आहे.

अंतराचे गणित

आपण व्यापारी माणसे आहोत. तेव्हा हा विषय हिशेबाच्या वहीतच मांडून पाहू. अनवाणी पायांनी, पात्रे व उपधी घेऊन चालणाऱ्या साधूंचा वेग ताशी सुमारे ४ किलोमीटर धरता येतो. मे महिन्याच्या मध्यात पुण्यात सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, नागपूरकडे वीस-पंचवीस मिनिटे आधी. उन्हाचा ताप जाणवू लागण्यापूर्वी, म्हणजे नऊपर्यंत, मुक्कामी पोहोचावयाचे असे ठरविले तर हाती तीन तास उरतात. या तीन तासांत १२ किलोमीटर होतात; वयोवृद्ध साध्वीजी सोबत असतील तर १० सुद्धा पुरेसे म्हणावे लागतील.

आता पुढचा मुक्काम २० किलोमीटरवर आहे असे समजा. त्यासाठी पाच तास लागतात. सूर्योदयानंतर निघाल्यास पोहोचावयास अकरा वाजतात आणि शेवटचे दोन तास तापलेल्या डांबरावर काढावे लागतात. नऊला पोहोचावयाचे तर पहाटे चारला निघावे लागते आणि पहिले दोन तास काळोखात काढावे लागतात. म्हणजे २० किलोमीटरचा मुक्काम ठरविताच धोका ठरलेला असतो. उन्हाचा की अंधाराचा, एवढीच निवड उरते.

पाच समितींमधील पहिली ईर्यासमिती. पुढची साडेतीन ते चार हात भूमी दृष्टीखाली ठेवून, जीवजंतू दिसतील अशा उजेडात, सावकाश चालावे, हा तिचा आशय. पायाखालच्या सूक्ष्म जीवाच्या रक्षणासाठी सांगितलेला हा नियम आजच्या महामार्गावर चालणाऱ्याच्या प्राणांचेही रक्षण करतो. आपण सोयीसाठी मुक्काम लांब ठेवतो आणि पूज्यवरांना अंधारात निघण्यास भाग पाडतो, तेव्हा त्यांच्या समितीच्या पालनातही आपणच अडथळा आणतो.

मुक्काम लांब का पडतात याची कारणेही पाहिली पाहिजेत. नवे महामार्ग जुन्या गावांना वळसा घालून गेले. पूर्वी ज्या खेड्यात दोन-चार जैन घरे होती ती कुटुंबे व्यापारासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आली. तिथले स्थानक वा मंदिर कुलूपबंद राहिले. परिणामी दोन मुक्कामांमधील अंतर वाढत गेले. गावातील शाळा, ग्रामपंचायतीचे सभागृह, एखाद्या अजैन शेतकऱ्याचा मळा, बंद पडलेले आपलेच जुने घर, अशी मधली ठिकाणे आठ-दहा दिवस आधी पाहून ठेवली तर २० किलोमीटरचे दोन टप्पे सहज होतात. महाराष्ट्रातील खेड्यांत साधूंना उतरावयास जागा नाकारणारा माणूस क्वचितच भेटतो. विचारावयास मात्र कोणीतरी आधी जावे लागते.

सायंकाळच्या विहाराविषयीही एक सूचना. ऊन उतरल्यावर निघावे हे योग्यच. परंतु देशातील रस्ते अपघातांच्या सरकारी अहवालांत सायंकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत सर्वाधिक अपघात नोंदले जातात. म्हणून सायंकाळचा टप्पा ५-६ किलोमीटरपेक्षा मोठा नसावा आणि सूर्यास्ताच्या पुरेसा आधी संपावा.

चालकाला काय दिसते?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ जण रस्ते अपघातांत मृत्यू पावले. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे रोज सुमारे ९० पायी चालणारी माणसे. विहार करणारे साधु-साध्वीजी रस्त्याच्या दृष्टीने पादचारीच असतात.

ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. चालकाने माणूस पाहिला, ब्रेक दाबला आणि गाडी थांबली, एवढ्यात कोरड्या चांगल्या रस्त्यावरही ५५ ते ६० मीटर अंतर कापले जाते. भरलेल्या ट्रकला त्याहून अधिक लागते. दिव्याच्या खालच्या झोतात अंधारातील व्यक्ती ४०-५० मीटरवर आल्यावर दिसते. याचा अर्थ असा की, दक्ष चालकालाही थांबावयास वेळ पुरत नाही. पहाटे तीन ते पाच ही तर रात्रभर गाडी हाकणाऱ्याला झोप अनावर होण्याची वेळ. पांढरी वस्त्रे दुरून दिसतील हा आपला समज फारसा खरा नाही. दिव्याचा प्रकाश थेट चालकाकडे परतविणारी परावर्तक पट्टी मात्र १०० मीटरहून अधिक अंतरावरून चमकते.

साधु-साध्वीजी अशी पट्टी अंगावर बाळगणार नाहीत, पण सोबतचे श्रावक आणि सेवक बाळगू शकतात. पुढे एक व मागे एक असे दोन जण परावर्तक जाकीट घालून असावेत. पुढच्याने विजेरी घेऊन तीस-चाळीस पावले आधी चालावे. व्हीलचेअर वा डोली असेल तर तिच्या पाठीला, बाजूंना आणि चाकांना पट्ट्या चिकटवाव्यात. हा सगळा खर्च एका सामान्य स्वागत-फलकापेक्षा कमी आहे.

चालावयाची बाजूही महत्त्वाची. वाहने पाठीमागून येणार नाहीत, समोरून येताना दिसतील, अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने, डांबराच्या बाहेर चालावे. दुभाजक असलेल्या महामार्गावर समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या बाहेरच्या कडेने चालावे, दुभाजकालगत कधीही नाही. सेवा रस्ता असेल तर मुख्य मार्ग टाळावाच. एकापाठोपाठ एक रांगेत चालावे. विहारात सामील झालेल्या उत्साही श्रावकांनी चार-चार जण गप्पा मारीत, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढीत चालणे हा सर्वांत टाळण्याजोगा धोका आहे. सोबतची मोटार पावलांच्या वेगाने मागून आणू नये. तिलाच मागून धडक बसण्याचे भय असते. ती पुढील थांब्यावर डांबराच्या पूर्ण बाहेर उभी करावी. समृद्धी महामार्गासारख्या द्रुतगती मार्गांवर तर पायी चालण्यास मनाईच आहे. तेथे जुना राज्यमार्ग हाच मार्ग.

उन्हाचा घाला

हवेचे तापमान ४० अंश असताना दुपारच्या डांबराचे तापमान ६० अंशांच्या आसपास जाते. अनवाणी पायाला चटका बसतोच. शिवाय खालून येणाऱ्या उष्णतेने शरीर अधिक वेगाने तापते. घाम वाळला की शरीर निवते. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही. म्हणून कोकणात किंवा मुंबई परिसरात पारा ३७-३८ वरच असला तरी जीवाला धोका होऊ शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील भव्य समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. महावीर जयंतीची मिरवणूक याच ऋतूत निघते, याचे स्मरण प्रत्येक संघाने ठेवावे. मिरवणूक नऊच्या आत विसर्जित व्हावी, लहान मुलांना व वृद्धांना सावलीत बसवावे, भाषणे मंडपात व्हावीत.

आधी केलेल्या नियोजनाने काय साधते, याचे उदाहरण अहमदाबादेत आहे. मे २०१० मध्ये त्या शहरात पारा ४६ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. आगाऊ इशारा, पाण्याची केंद्रे, रुग्णालयांची तयारी अशी साधीच कामे त्यात आहेत. पुढे अनेक शहरांनी तोच मार्ग स्वीकारला.

पाण्याचा विषय आपल्याकडे नाजूक आहे. साधु-साध्वीजी अचित्त पाणीच घेतात, तेही सूर्यास्तापर्यंत, आणि खास त्यांच्यासाठी केलेले पाणी त्यांना कल्पत नाही. येथे उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. उन्हाळ्याचे चार महिने घरातील सर्वांनीच उकळून गार केलेले किंवा धोवण पाणी पिण्याचा परिपाठ ठेवला, तर दारी आलेल्या पूज्यवरांना निर्दोष पाणी सहज मिळते. विहारमार्गावरच्या गावात असे एकही घर नसेल तर त्यांना तहान सोसूनच पुढे जावे लागते. घरातील आपले आरोग्य सांभाळले जाते, हा लाभ वेगळाच.

उष्माघाताची लक्षणे सोबतच्या प्रत्येकाला ठाऊक असावीत. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना; तेथेच थांबून सावलीत विसावा घ्यावा. बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे, अंग अतिशय तापणे, म्हणजे शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्याची शक्यता. ही जिवावरची वेळ होय. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत स्वस्थ बसू नये. सावलीत आडवे करून अंग ओल्या कापडाने पुन्हा पुन्हा पुसावे, मान, काखा व जांघा येथे गार ओल्या घड्या ठेवाव्यात, वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पूज्यवरांच्या बाबतीत कोणते उपचार ग्राह्य आहेत, कोणत्या पाण्याने अंग पुसता येईल, हे विहारास निघण्यापूर्वीच गुरुभगवंतांना विनयाने विचारून घ्यावे. मूर्च्छा आल्यावर रस्त्याच्या कडेला त्यावर चर्चा करीत उभे राहणे परवडणारे नाही.

घरातील तपस्वी

विहाराइतकीच काळजी घरातील तपाराधनेची घ्यावयास हवी. वर्षीतपाची सांगता अक्षय तृतीयेला इक्षुरसाने होते. भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ उपवासाचे हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांच्या हस्ते झालेले पारणे त्यामागे आहे. वर्षभराच्या एकांतर तपाचे शेवटचे उपवास नेमके कडक उन्हात येतात. या काळात तपस्व्यांनी दुपारी व्याख्यान, खरेदी वा प्रवास यांसाठी बाहेर पडू नये. उपवासाच्या दिवशी दिवसभर थोडे थोडे पाणी घ्यावे. बियासण्यात ताक, फळे आणि पातळ पदार्थ असावेत. आयंबीलमध्ये जे मीठही वर्ज्य करतात, त्यांनी घाम गाळणारी कामे टाळावीत. मधुमेह, रक्तदाब वा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्रा व वेळ वैद्यकीय सल्ल्याने आधीच ठरवून घ्यावी. गोळी मनाने बंद करू नये.

काही तपस्वी अतिशय त्रास होत असतानाही सांगत नाहीत, पच्चक्खाण मोडेल असे त्यांना वाटते. घरच्यांनी त्यांना स्मरण द्यावे की, पच्चक्खाणांतच समाधी टिकविण्यासाठीचा आगार पूर्वाचार्यांनी ठेवलेला आहे. तीव्र पीडेत औषधोपचाराची मोकळीक त्यातून मिळते. तपाचे मोल त्या आगाराने उणे होत नाही.

आपल्याच मालाचा ट्रक

आता एक अवघड गोष्ट. पहाटे चारच्या अंधारात विहारमार्गावरून जो ट्रक वेगाने जातो, त्यात माल कोणाचा असतो? धान्य, कापड, किराणा, औषधे, लोखंड, भांडी, बांधकामाचे साहित्य. हा व्यापार पुष्कळ अंशी आपल्याच समाजाच्या पेढ्यांतून चालतो. दिवसा ऊन नको, टायर तापतात, म्हणून गाडी रात्री निघते. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी माल उतरलाच पाहिजे असा आपलाच आग्रह असतो. दिवसभर पत्र्याच्या गोदामाशी गाडी भरण्यात घालविलेला चालक रात्री तीच गाडी हाकतो. त्याला झोप लागली तर दोष एकट्या त्याचा म्हणता येईल काय?

म्हणून जयणेचा आरंभ पेढीवरून व्हावा. माल पोहोचविण्याची वेळ दोन-तीन तासांनी सैल करावी. चालकाला निघण्यापूर्वी पुरेशी झोप आणि वाटेत दर चार-पाच तासांनी अर्धा तास विश्रांती मिळेल असेच भाडे व वेळ ठरवावी. टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी, वाजवीपेक्षा अधिक माल भरू नये. हमाल बांधवांची चढउतार दुपारी बारा ते चार बंद ठेवावी. गाळ्यासमोर सावली आणि पिण्याचे पाणी असावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले सरबत दुकानात तयार असावे. दुचाकीवरून वसुलीला वा माल पोहोचविण्यास भरदुपारी पाठविलेला मुलगाही कोणाच्या तरी घरचा असतो. व्हीलचेअर ढकलणारे विहारसेवकही हेच ऊन सोसतात. त्यांच्या पाण्याची, चपलांची आणि विम्याची विचारपूस आपण क्वचितच करतो.

रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भयाने पुढे निघून जाण्याचे कारण आता उरलेले नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ मदत करणाऱ्यास संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक प्रत्येक चालकाला पाठ असावेत.

श्रीसंघांना नम्र विनंती

येत्या महावीर जयंतीपूर्वी प्रत्येक संघाने एक बैठक केवळ या विषयावर घ्यावी. आपल्या गावापासून चारही दिशांना जाणाऱ्या वाटांवर दर ८ ते १० किलोमीटरवर उतरण्याची जागा कोणती, किल्ली कोणाकडे, जवळचे रुग्णालय कोणते, हे एका कागदावर लिहून शेजारच्या संघांना द्यावे. दहा-बारा परावर्तक जाकिटे आणि चार विजेऱ्या स्थानकात वा उपाश्रयात कायम ठेवाव्यात. वीस ते पन्नास वयाच्या तरुणांची विहारसेवेची पाळी लावावी. दीक्षा, प्रतिष्ठा वा पारण्याच्या कार्यक्रमासाठी विनंती करताना पूज्यवरांचे त्या वेळचे स्थान आणि हाती असलेले दिवस मोजावेत. रोज १० किलोमीटरच्या हिशेबाने ते पोहोचत नसतील तर तिथी पुढची धरावी, नाही तर विनंती मागे घ्यावी.

गावात महाराज साहेब पधारले की आपण सर्वप्रथम सुखसाता विचारतो. या उन्हाळ्यात त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : उद्याचा मुक्काम किती अंतरावर आहे? उत्तर १० किलोमीटरहून अधिक आले तर त्याच संध्याकाळी दोघांनी वाट पाहून यावे आणि मधली जागा शोधावी.